कोल्हापूर सर्किट बेंच : शिक्षेविरुद्ध अपील करायचं असेल तर

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या हद्दीत येतात. सत्र न्यायालयात शिक्षा लागलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना या सेवेचा काय उपयोग होतो, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. जमिनीचे दावे आणि रिट याचिका यात धरलेल्या नाहीत.

सोयीला पाचपैकी पाच. खटला कोल्हापूरचा असेल तर कळंबा कारागृहात माणूस, कसबा बावड्याच्या न्याय संकुलात त्याच्या खटल्याचे कागद आणि सीपीआरसमोर अपिलाचं कोर्ट, असं सगळं एका शहरात आलं. पूर्वी एका तारखेसाठी रात्रीची गाडी, मुंबईतला वकील, राहण्याखाण्याचा खर्च आणि शेवटी ‘बोर्डावर नंबर लागला नाही’ हे ऐकून परत, असा फेरा होता. वकिलांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ आंदोलन केलं ते यासाठीच, आणि गरीब पक्षकाराचा त्यातला फायदा खरोखर मोठा आहे.

पण बेंच जवळ आलं म्हणून अपील सोपं झालं असं समजू नका. उच्च न्यायालयात साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. खालच्या कोर्टात जे कागदावर आलं त्यावरच सगळं चालतं. नवा पुरावा घेण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पुढे बीएनएसएस) कलम ४३२ मध्ये आहे, पण तो क्वचित वापरला जातो. म्हणून या सेवेचा खरा दर्जा भाऊसिंगजी रोडवर ठरत नाही. तुम्ही बावड्यातून कोणकोणते कागद काढून आणले आणि ते कुणी किती बारकाईने वाचले, यावर तो ठरतो.

आधी मुदत. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील ६० दिवसांत, फाशीची शिक्षा असेल तर ३० दिवसांत. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली असेल तर सर्वसाधारणपणे अपील सत्र न्यायालयातच जातं, तेही ३० दिवसांत. त्यासाठी सर्किट बेंचकडे यायची गरज नाही. निकालपत्राची नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण कसे, ते पाहा. प्रमाणित नकलेवर अर्ज दिल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि नक्कल नेल्याची तारीख अशा तीन तारखा असतात. वजावट मिळते ती अर्जापासून नक्कल तयार होईपर्यंतची. तयार झालेली नक्कल आठ दिवस नेली नाही, तर ते आठ दिवस तुमच्याच खात्यावर पडतात. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, आणि तुरुंगातल्या माणसाच्या बाबतीत कोर्टं त्याकडे सहानुभूतीने पाहतात. तरी त्यावर विसंबू नये.

तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत मोफत मिळते, तो त्याचा हक्क आहे (बीएनएसएस कलम ४०४). घरचे लोक इथेच थांबतात आणि तिथेच चुकतात. निकालपत्र म्हणजे न्यायाधीशांनी पुराव्यातून काय काढलं ते. चूक सापडते ती पुराव्यातच. त्यामुळे नकलेच्या अर्जात दोषारोप, प्रत्येक साक्षीदाराची सरतपास आणि उलटतपास, सगळ्या निशाण्या, म्हणजे कोर्टाने क्रमांक देऊन पुराव्यात घेतलेले कागद (पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, सी.ए. रिपोर्ट म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, पाठवणीची पत्रं), आरोपीचा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ चा जबाब, दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद आणि रोजनामा (कोर्टातल्या रोजच्या कामकाजाची नोंद), हे सगळं मागा. अपील दाखल झालं की उच्च न्यायालय मूळ रेकॉर्ड मागवतंच, पण त्याला वेळ लागतो. शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अर्ज मात्र आधी सुनावणीला येतो, आणि त्या दिवशी तुमच्या वकिलाच्या हातात पुराव्याच्या नकला नसतील तर बोलायला काही उरत नाही.

आता मुद्द्याचं. पुराव्यातल्या चुकीमुळे शिक्षा रद्द होते म्हणजे नेमकं काय होतं? नुसती चूक दाखवून शिक्षा जात नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १६९ (जुन्या पुरावा कायद्याचं १६७) स्पष्ट सांगतं की एखादा पुरावा चुकीने घेतला गेला किंवा नाकारला गेला, एवढ्यानेच निकाल फिरणार नाही. तो पुरावा बाजूला काढल्यावर उरलेला पुरावा शिक्षेला पुरतो का, हा प्रश्न विचारायचा. डोळ्यांनी पाहणारा विश्वासू साक्षीदार टिकून असेल तर जप्ती पंचनामा कोसळला तरी शिक्षा कायम राहते. खटला निव्वळ परिस्थितिजन्य पुराव्यावर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे साखळी पूर्ण लागते, आणि एक दुवा निखळला की सगळीच सुटते. पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या. उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी तिथे रद्द होऊन आरोपी सुटला. चाळीस वर्षं झाली, आजही अशा प्रत्येक अपिलात तो निकाल वाचला जातो.

कोणत्या चुका खरोखर कामाला येतात? सगळ्यात आधी कलम ३१३ चा जबाब (आता बीएनएसएस ३५१) काढा. साक्षीपुरावे संपल्यावर न्यायाधीश आरोपीला एकेक प्रश्न विचारतात, ‘तुमच्याविरुद्ध असा असा पुरावा आला आहे, त्याबाबत तुम्हाला काय सांगायचे आहे?’ घाईत तीन-तीन गोष्टी एका प्रश्नात कोंबल्या जातात, किंवा महत्त्वाची गोष्ट विचारायचीच राहते. काम असं करायचं. निकालपत्रातून आरोपीविरुद्ध धरलेली प्रत्येक परिस्थिती एका कागदावर डाव्या बाजूला लिहा आणि उजवीकडे ३१३ मधल्या प्रश्नाचा क्रमांक. उजवी बाजू जिथे रिकामी राहील, तो मुद्दा. जी परिस्थिती आरोपीपुढे ठेवलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे सारडा निकालातच आहे. मात्र त्यामुळे आरोपीचं खरोखर नुकसान झालं हे दाखवावं लागतं, आणि अपील कोर्ट ही उणीव भरूनही काढू शकतं. वकिलाला खुलासा विचारून किंवा खटला त्या टप्प्यावर परत पाठवून. राजकुमार ऊर्फ सुमन प्रकरणात (मे २०२३) सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं की घटनेला २७ वर्षं उलटली आहेत, आता परत पाठवून प्रश्न विचारणं अन्यायाचं होईल, आणि आरोपीला निर्दोष सोडलं. ३१३ चा हा जबाब काही पानांचाच असतो आणि कुणीही मराठी वाचणारा माणूस तो ताडून पाहू शकतो. वकिलाकडे जाण्यापूर्वी घरच्यांनी एवढं एक काम केलं तरी पुष्कळ.

दुसरी जागा म्हणजे मेमोरेंडम पंचनामा, आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीची पंचांसमोरची नोंद. पोलीस कोठडीतला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग येतो (जुनं कलम २७, नव्या साक्ष अधिनियमात कलम २३ चं परंतुक). ‘तेवढाच भाग’ म्हणजे किती, हे एका वाक्यावर पाहू. पंचनाम्यात लिहिलंय, ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारले तो कोयता मी उसाच्या फडात पाचटाखाली लपवून ठेवला आहे, चला दाखवतो.’ यातलं ‘कोयता फडात पाचटाखाली लपवून ठेवला आहे, दाखवतो’ एवढंच चालतं. ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारले’ हे शब्द वगळलेच पाहिजेत. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोटय्या प्रकरणात १९४६ साली हे ठरवलं. तरी आजही निकालपत्रात पूर्ण वाक्य उतरवून ‘आरोपीने गुन्हा कबूल करून हत्यार काढून दिले’ असं लिहिलेलं सापडतं. तिथे लाल रेघ मारा.

मग तपासी अंमलदाराची साक्ष वाचा. ‘आरोपीने निवेदन दिले, मी ते नोंदवले, पंचनाम्यावर माझी सही आहे’ एवढंच त्याने सांगितलं असेल, तर आरोपीचे नेमके शब्द शाबीत झालेले नाहीत. पंचनाम्याला निशाणी पडली म्हणून त्यातला मजकूर आपोआप शाबीत होत नाही. सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य (२०२२) या निकालात हे सविस्तर आलं आहे. शिवाय जागा सगळ्यांना मोकळी होती का, पोलिसांना ती आधीच माहीत होती का, पंच त्याच पोलिस ठाण्याचे नेहमीचे आहेत का, हे पाहा. भाषेचाही प्रश्न येतो. ठाण्याच्या प्रकाश निषाद प्रकरणात (मे २०२३) आरोपीला मराठी येत नव्हतं आणि त्याचं निवेदन मराठीत नोंदवलं होतं. ते त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचा पुरावा नव्हता. डीएनएचे नमुने पाठवायला झालेला उशीरही तिथे नडला. फाशीची शिक्षा झालेला माणूस सुटला. आपल्याकडच्या साखर कारखान्यांवर, वीटभट्ट्यांवर आणि इचलकरंजीच्या मागांवर परप्रांतीय कामगार किती आहेत हे लक्षात घेतलं की हा मुद्दा कुठे कुठे तपासायला हवा ते कळेल.

तिसरी जागा मुद्देमालाची. रक्ताचे कपडे, हत्यार, नमुने जप्त झाल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कुणाच्या ताब्यात होते, याची अखंड नोंद लागते. चार तारखा जुळवा : जप्तीची, मुद्देमाल रजिस्टरला नोंदीची, पाठवणीच्या पत्राची आणि सी.ए. रिपोर्टमध्ये ‘मिळाल्याची’. मध्ये दहा-बारा दिवसांची पोकळी असेल तर ते पाकीट कुठे होतं हे सांगणारा मुद्देमाल कारकून साक्षीदार म्हणून तपासला गेला का? पाकीट घेऊन जाणारा पोलीस शिपाई तपासला गेला का? जागेवर लाखेचं सील केल्याचं पंच सांगतो का, आणि नमुना सीलशी ते जुळल्याची नोंद अहवालात आहे का? दिल्लीच्या छावला प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन आरोपींची फाशी रद्द झाली, त्यात नमुने मालखान्यात पडून राहिले आणि त्यांत ढवळाढवळीची शक्यता राहिली, हे एक कारण होतं. रिपोर्टवर ‘मानवी रक्त’ एवढंच असेल आणि रक्तगट निघाला नसेल, तर त्या डागाचं वजन फार कमी होतं.

सीसीटीव्ही आणि मोबाईलच्या नोंदींबाबत मात्र अनेकांची निराशा होते. पेन ड्राइव्ह किंवा कंपनीकडून आलेल्या कॉल रेकॉर्डच्या छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं (जुनं कलम ६५ ब, नवं ६३; नव्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलची अंकीय ओळख, आणि तज्ज्ञाचा वेगळा भागही आहे). जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालाने (२०२०) हे पक्कं केलं, आणि मूळ यंत्रच कोर्टात आणलं असेल तर प्रमाणपत्राची गरज नाही हेही सांगितलं. पण सोनू ऊर्फ अमर विरुद्ध हरियाणा राज्य (२०१७) हा निकाल तुमच्या वाटेत उभा राहतो. प्रमाणपत्र नाही ही हरकत निशाणी पडताना घेतली नसेल, तर ती अपिलात पहिल्यांदा घेता येत नाही, कारण तेव्हाच घेतली असती तर सरकार पक्षाने उणीव भरून काढली असती. म्हणजे वरचं कोर्ट कितीही जवळ आलं तरी खालच्या कोर्टात गप्प बसल्याची भरपाई इथे होत नाही. रोजनामा आणि साक्षीचं पान यासाठीच मागवायचं. त्यावर ‘आरोपीतर्फे हरकत’ अशी एक ओळ आहे की नाही, यावर हा मुद्दा जगतो किंवा मरतो.

साक्षीदारांच्या उलटतपासातही हेच. ‘असे मी पोलिसांना सांगितले होते. माझ्या जबाबात तसे का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ जिल्ह्यातल्या कुठल्याही सत्र खटल्यात हे वाक्य सापडतं. साक्षीदाराने कोर्टात पहिल्यांदाच भर घातली याची ती खूण. पण काम इथे अर्धंच झालेलं असतं. पुढे तपासी अंमलदाराला विचारून ‘साक्षीदाराने माझ्यासमोर तसे सांगितले नाही’ हे वदवून घ्यावं लागतं. ते केलं नसेल तर ती विसंगती शाबीत झालीच नाही, आणि अपिलात तिच्यावर बोट ठेवता येत नाही. प्रत्येक साक्षीदाराच्या अशा जागांवर खूण करून त्यांची जोडी तपासी अंमलदाराच्या उलटतपासात शोधा. ज्यांना जोडी मिळेल तेवढ्याच कामाच्या.

ओळख परेडीबद्दल एकच सांगतो. भोकरदनच्या अंकुश मारुती शिंदे प्रकरणात प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडच्या फोटोंमधून आधी वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं आणि ते खटल्यात दडपलं गेलं. सहाही जणांना सर्वोच्च न्यायालयाने एकदा फाशीची शिक्षा ठरवली होती. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. मृत्युपूर्व जबाबात डॉक्टरचा शेरा नाही एवढ्यावर आता भागत नाही. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००२) या घटनापीठाच्या निकालानंतर, जबाब घेणाऱ्याने जखमी शुद्धीवर असल्याची खात्री केली असेल तर तो टिकतो. जवळ कोण नातेवाईक होते, आणि दोन जबाब असतील तर ते जुळतात का, इकडे लक्ष द्या.

उपयोगी न पडणारे मुद्देही सांगायला हवेत, कारण अपिलाचे मेमो त्यांनीच भरलेले असतात. पंच फितूर झाले हा मुद्दा एकटा चालत नाही; तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासू असेल तर पंचनामा त्याच्या तोंडून शाबीत होऊ शकतो. ‘तपास सदोष आहे’ एवढंच म्हणणंही पोकळ. दोष कुठला, आणि त्यामुळे कुठला पुरावा बाद होतो, हे सांगावं लागतं. नातेवाईक साक्षीदार म्हणून खोटा, हे तर कुठलंच कोर्ट ऐकत नाही. चाळीस मुद्द्यांच्या मेमोपेक्षा पान क्रमांकासह चार मुद्दे बरे.

अपिलातून काय मिळू शकतं? बीएनएसएसच्या कलम ४२७ खाली निर्दोष सुटका, कमी गुन्ह्यात शिक्षा (खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, हे बरेचदा होतं), शिक्षेत घट किंवा फेरखटला. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, त्यामुळे ‘अपील केलं तर जास्त बसेल’ ही भीती बिनबुडाची आहे. वाढीसाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं. फेरखटल्याची मागणी विचारपूर्वक करा. अनोखीलाल प्रकरणात (डिसेंबर २०१९) सरकारी खर्चाने दिलेला वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले, म्हणून शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. सुटका झाली नाही. फेरखटल्यात सरकार पक्षाला आपल्या उणिवा भरण्याची संधी मिळते, आणि माणूस बहुधा आतच राहतो.

शिक्षेला स्थगिती कलम ४३० खाली. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर शिक्षा देणारं कोर्टच अपील दाखल करण्यापुरता जामीन देऊ शकतं. तो अर्ज निकालाच्याच दिवशी तयार ठेवा. दहा वर्षं किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात सरकारी वकिलाला लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणून पहिल्या तारखेला निर्णय होईल असं धरू नये. जन्मठेप आणि फाशीची अपिलं दोन न्यायमूर्तींपुढे चालतात.

पैशाची अडचण असेल तर विधी सेवा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, मोफत वकील हा त्याचा हक्क आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींनाही उत्पन्न न बघता मिळतो. अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत करता येतो, तुरुंगातूनच अपील पाठवायची तरतूद बीएनएसएसच्या कलम ४२४ मध्ये आहे, आणि १५१०० ही हेल्पलाइन आहे. या सेवेला पाचपैकी साडेतीन. वकील नक्की मिळतो, पण घरच्यांशी त्याची गाठ पडतेच असं नाही, आणि वर सांगितलेल्या जोड्या लावून द्यायला दुसरं कुणी नसतं. नेमणुकीचं पत्र आलं की वकिलाचं नाव मागून घ्या, ३१३ चा तक्ता आणि मुद्देमालाच्या चार तारखा लिहून त्यांच्या हातात द्या.

भाषेला पाचपैकी साडेचार, अर्धा गुण कापला आहे. जिल्ह्यातल्या साक्षी मराठीत, उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. पेपरबुकात (अपिलासाठी बांधलेल्या कागदांच्या संचात) भाषांतर लागतं तिथे मूळ साक्षीशी ते ताडून पाहिलंच पाहिजे. ‘ढकलले’ आणि ‘मारले’, ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ यांत गफलत झाली की खुनाचा हेतू बदलतो. चूक दिसली तर सुनावणीआधीच लेखी कळवावं, युक्तिवाद सुरू झाल्यावर नाही.

प्रकरणाची तारीख पाहायला ई-कोर्ट्सचं अॅप पुरेसं आहे. सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक) टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश मोफत दिसतात. सत्र खटल्याचा सीएनआर वेगळा आणि अपिलाचा वेगळा, दोन्ही लिहून ठेवा. अपील दाखल झाल्याची पोच घेताना वकिलाकडून नवा क्रमांक त्याच दिवशी मागा आणि कळंब्यात भेटीला जाल तेव्हा आतल्या माणसालाही तो लिहून द्या.